परसातील फळे आणि फळमाशी

ज्या घरात बाजारातून फळे क्वचितच येतात, तेथील मुलांच्या वाट्याला परसातील एखाद्या पेरूमुळे वा आंब्यामुळे ताजे फळ येते. म्हणून अशा झाडाचे रक्षण हा मुलांच्या पोषणाचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो. बाहेरून चांगला दिसणारा पेरू कापल्यावर आत अळ्या आढळल्या, की दोष झाडाला दिला जातो. वस्तुतः कारण वेगळे असते आणि ते जाणल्याशिवाय उपाय सापडत नाही.

हे कारण म्हणजे फळमाशी. फळ पक्व होऊ लागले की मादी सालीला सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात व गर खातात. फळ सडून गळते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोषावस्थेत जाते आणि त्यातून नवी माशी जन्मते. अळी फळात व कोष मातीत सुरक्षित असल्याने फळावर विषारी औषध फवारून त्यांचा नाश होत नाही; विषाचा अंश मात्र खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकतो.

या किडीचे महत्त्व इतिहासानेही नोंदवले आहे. भारतीय मालात फळमाशी व इतर किडी आढळल्याने युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली. ती बंदी 2015 मध्ये उठली.

घरगुती झाडांसाठी पुढील उपाय आम्ही सुचवितो :

1. गळलेली व किडलेली फळे रोज वेचावीत. ती उकिरड्यावर न टाकता दोन फूट खोल पुरावीत. हा सर्वांत महत्त्वाचा व बिनखर्चाचा उपाय होय.

2. झाडाखालची माती अधूनमधून वरवर उकरावी. उघडे पडलेले कोष ऊन, मुंग्या, पक्षी व कोंबड्या नष्ट करतात.

3. पेरू लिंबाएवढा व आंबा अंड्याएवढा झाला, की फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात.

4. फळे झाडावर पिकू न देता पक्व होताच उतरवावीत.

5. मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच प्रकारचा आहे. त्यात केवळ नर अडकतात. म्हणून सापळ्याबरोबर वरील उपायही आवश्यक ठरतात.

फळमाशी कुंपण मानत नाही. एका घराने फळे पुरली आणि शेजारच्या झाडाखाली ती सडत राहिली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. संपूर्ण वस्तीने एकाच हंगामात हे काम हाती घेतल्यास मात्र किडीचा जीवनक्रम खंडित होतो. आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर रोज सकाळी आपल्या व शेजाऱ्यांच्या झाडाखालची फळे वेचावीत आणि त्यामागचे कारण वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.