एक उघडी फाइल, अनेक आज्ञावल्या

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें व्यापारी पेढ्यांसाठीं संगणकाच्या आज्ञावल्या लिहितील त्यांजकरितां, आणि मुलांचा अभ्यास आस्थेनें पाहणाऱ्या पालकांकरितांही, एका लहानशा विषयाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

आय.बी.एम. कंपनीनें १९८८ सालीं 'एएस/४००' नांवाचा संगणक बाजारांत आणला. त्याचे वंशज अद्यापि अनेक पेढ्यांचे हिशेब सांभाळीत आहेत. या यंत्रावर एखादी आज्ञावली फाइल उघडते तेव्हां यंत्र फाइलपर्यंत एक वाट तयार करितें, आणि वाचन कोणत्या नोंदीपर्यंत आलें हें दाखविणारी खूण त्या वाटेवर ठेवितें. वाट तयार करण्यास वेळ लागतो. एकाच कामांत अनेक आज्ञावल्यांना तीच फाइल लागत असेल, तर पहिलीनें उघडलेली वाट इतरांनींही वापरावी अशी सोय आहे. शेजारच्या मेजावरील कारकुनाच्या कामाशीं या वांटणीचा संबंध नाहीं.

सोय चांगलीच, परंतु वाट एक म्हणजे खूणही एकच, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. गिऱ्हाइकांच्या फाइलींत १००१ पासून सलग नोंदी आहेत असें समजूं. बिलें छापणारी आज्ञावली क्रमानें वाचीत १००५ वर येते. या गिऱ्हाइकाचा जामीन १०४० आहे; त्याची पत तपासण्यासाठीं ती दुसरीस बोलाविते. दुसरी त्याच वाटेनें १०४० ची नोंद वाचून उत्तर देते. आतां पहिली पुढची नोंद मागते, तों १००६ न मिळतां १०४१ मिळते! मधल्या ३५ जणांस बिलच जात नाहीं. जामीन १००२ असता तर? १००३ ते १००५ यांचींच बिलें फिरून फिरून निघत राहिलीं असतीं; कागद संपेपर्यंत म्हणा ना. आणि यंत्र एका शब्दानेंही तक्रार करीत नाहीं.

उपाय कठीण नाहीं. दुसरीस बोलाविण्यापूर्वीं पहिलीनें आपल्या नोंदीचा अंक जपून ठेवावा, व नंतर खूण पुन्हां तेथें आणावी. किंवा दुसरीनें स्वतंत्र वाट उघडावी. थोडा वेळ जाईल, तो जाऊं द्यावा असें आमचें मत आहे. कित्येकदां मात्र वांटणीवांचून चालतच नाहीं. निवडक नोंदींचीच वाट आधीं उघडून ठेविली असतां, जी आज्ञावली ती वाट घेत नाहीं ती सगळी फाइल वाचूं लागते.

आणखी एक अडचण आहे. पहिलीनें फाइल केवळ वाचण्यासाठीं उघडली असेल आणि दुसरीस तींत लिहावयाचें असेल, तर दुसरीचें उघडणेंच फसतें. पण हा दोष यंत्र तत्काळ सांगतें, म्हणून आम्हांस त्याचें भय कमी वाटतें.