सरपटणारे प्राणी : ओळख असली की जीव वाचतो



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, हातभर लांबीचा एक साप निघाला. काळपट अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. कोणीतरी "काळोतरो, काळोतरो!" असे ओरडले. आम्ही विज्ञानाचे शिक्षक तिथे पोहोचेपर्यंत काठ्यांनी काम संपवले होते. जवळून पाहिले तेव्हा कळले की ती मण्यार नव्हतीच. तो कवड्या होता. पालींवर जगणारा, बिनविषारी. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग त्याला का मारले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा पाठ तिच्या प्रश्नासाठी आहे.

सरपटणारे कोणाला म्हणायचे?

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा हा एक वर्ग. जगात त्यांच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत. नाव सरपटणारे असले तरी मगर, कासव, सरडा यांना चांगले चार पाय असतात. म्हणून नावावर न जाता पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत.

1. त्वचा कोरडी व खवल्यांची असते. अंगातले पाणी उडून जात नाही, म्हणून हे प्राणी रखरखीत जागीही राहू शकतात. बेडकाची त्वचा ओलसर असते. तो या वर्गात येत नाही, तो उभयचर. साप 'बुळबुळीत' असतो हा आपला गैरसमज आहे.

2. श्वास फुप्फुसांनी घेतात. पाण्यात राहणारी मगरसुद्धा हवेसाठी नाकपुड्या वर काढतेच.

3. ते शीतरक्ती असतात. याचा अर्थ रक्त गार असते असा नाही. शरीराची ऊब ते आपल्यासारखी आतून राखत नाहीत, ऊन आणि सावली यांच्या मदतीने राखतात. त्यामुळे त्यांना अन्न थोडे पुरते.

4. बहुतेक जण जमिनीवर कवचाची अंडी घालतात. समुद्री कासवालाही अंड्यांसाठी वाळूवर यावे लागते. घोणस आणि फुरसे मात्र थेट पिल्लांना जन्म देतात.

5. हृदयाचे कप्पे तीन असतात. अपवाद मगरीचा, तिला आपल्यासारखे चार कप्पे असतात.

चार गट

पहिला गट कासवांचा. त्यांची पाठीवरची ढाल म्हणजे घर नव्हे, ती त्यांच्या बरगड्या व कणा यांच्याशी जोडलेला शरीराचाच भाग आहे. कासव ढालीतून बाहेर निघू शकत नाही. 'शुभ' म्हणून तारांकित कासव घरात पाळणे हा गुन्हा आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

दुसरा गट मगरींचा, आणि तो तर आपला शेजारीच. पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहरातून वाहते आणि तिच्यात चारशेहून अधिक मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी कमाटीबागेजवळच्या पुलावरून काठाकडे पाहा; जबडा उघडून उन्हात पडलेली मगर दिसेल. ही मगर काठच्या मातीत खड्डा करून 25-30 अंडी घालते. मातीच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. पिल्ले आतून आवाज करू लागली की आई खड्डा उकरते आणि त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. 2019 आणि 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये आल्या, कारण नदीच आपल्या दारात आली होती. अशा वेळी लांब राहावे आणि वनविभागाला कळवावे.

तिसरा आणि सर्वांत मोठा गट सरडे, पाली, घोरपडी व साप यांचा. पाल शेपूट टाकून पळते आणि ते पुन्हा उगवते. गुजरातीत जिला चंदनघो म्हणतात आणि जिच्या विषाला लोक फार भितात, ती घोरपडच. तिच्या चाव्याने जखम होते, पण विषबाधेने माणूस मरत नाही. सापसुरळीही बिनविषारी आहे.

चौथ्या गटात एकटा तुआतारा. तो फक्त न्यूझीलंडमध्ये उरला आहे.

सापांविषयी थोडे अधिक

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. माणसांचे बहुतेक मृत्यू त्यांपैकी चौघांमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार टाकते. फुरसे लहान असते, पण अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करते. मण्यार रात्री फिरते. तिचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे याच्या उलट. त्या दिवशी एवढे जरी कोणाला ठाऊक असते तरी एक जीव वाचला असता.

आता दुसरी बाजू. सन 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातले कितीतरी मृत्यू उशिरामुळे होतात. मण्यारीचा दंश जवळजवळ दुखत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मुंगी चावल्यासारखे वाटते आणि पहाटे पापण्या जड होऊ लागतात. म्हणजे ओळख नसली की बिनविषारी साप मरतो, आणि ओळख नसली की माणूसही मरतो.

दंश झाल्यास काय करावे?

• माणसाला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये. हाड मोडल्यावर करतो तसा हात किंवा पाय लाकडी पट्टीने स्थिर ठेवावा.
• अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे.
• जखम कापू नये, चोखू नये, वर आवळून दोरी बांधू नये.
• भुव्याकडे किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.
• साप पकडायला किंवा मारायला थांबू नये. या चौघांवर एकच प्रतिविष चालते, आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

साप ओळखण्यासाठी जवळ जाणे हा शहाणपणा नव्हे, हेही मुलांनी पक्के लक्षात ठेवावे. ओळख चित्रांवरून करावी, सापाशी दुरूनच राहावे.

विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की टाकीमागचा जुन्या बाकांचा ढीग हलवावा, कुंपणाच्या भिंतीतली भोके बुजवावीत आणि तिथे एक दिवा लावावा. उंदीर आणि अडगळ नसली की साप थांबत नाही. कार्यालयाबाहेर सापांचा चित्रफलक आणि वनविभागाचा दूरध्वनी क्रमांक आम्ही लावणार आहोत.

करून पाहा

1. घरातल्या पालीचे आठवडाभर निरीक्षण करा. ती कधी व कुठे दिसते, काय खाते, हे वहीत लिहा.
2. आजी-आजोबांना सापाविषयीच्या तीन समजुती विचारा. त्यांतल्या खऱ्या कोणत्या, ते वर्गात ठरवू.
3. मगर आणि बेडूक दोघेही पाण्यात राहतात, तरी त्यांचे वर्ग वेगळे का?

सातवीतल्या त्या मुलीला एवढेच सांगतो: त्याला मारले, कारण आम्ही तुम्हांला हे आधी शिकवले नव्हते.