सुट्टीत वाचनाला ताण बसू देऊ नका



या सदरातून आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, पण तो आपल्या घरचाच आहे. गळीत हंगाम संपतो, मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत दप्तर खुंटीला राहते. या दीड महिन्यात लेकरांच्या वाचनाचे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

ऊस तुटल्यावर "खोडवा काय, आपोआप फुटतोय" म्हणून जो पाठ फिरवतो, त्याचे उत्पादन घटते. बुडखे जमिनीलगत छाटणे, पाचट सरीत दाबणे, पंधरा दिवसांच्या आत पहारीने खताचा पहिला हप्ता देणे ही कामे वेळेवरच व्हावी लागतात. वाचनाचेही तसेच आहे. दुसरी-तिसरीच्या लेकराला नुकते वाचता येऊ लागलेले असते. सराव तुटला की जोडाक्षरे अडतात, पाढे विसरतात आणि जूनमध्ये गुरुजींना मागचेच पुन्हा उजळावे लागते.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरातील मुलांचा १९८२ पासून पुष्कळ वर्षे अभ्यास झाला. शाळा चालू असताना गरिबाची आणि सुखवस्तू घरची मुले जवळजवळ सारखीच पुढे जातात, अंतर वाढते ते मुख्यतः सुट्टीत, असे त्या अभ्यासकांना दिसले. पुढे या निष्कर्षावर मतभेदही झाले. पण सराव सुटला की वाचन मंदावते, हे कोणत्याही गुरुजींना विचारा. तेव्हा घरी काय करता येईल ते पाहू.

(१) आधी पातळी पाहा. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आम्ही सांगतो. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' या पाहणीत खेड्यापाड्यांतील मुलांचे वाचन घरोघरी जाऊन तपासले. त्यांची रीत सोपी आहे: मुलाला अक्षरे येतात का, शब्द येतात का, सोपा परिच्छेद वाचता येतो का, गोष्ट वाचता येते का, हे पायरीपायरीने पाहायचे. आपणही पाहावे. लेकरू जिथे अडते तिथूनच सुरुवात करावी. पाचवीतले पोर शब्दावर अडत असेल तर त्याला रागावू नका. त्याला दुसरीचे पुस्तक द्या.

(२) रोज अर्धा तास. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी दिवेलागणीला मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरच्या कोणीतरी ऐकावे. ऐकणाऱ्याला वाचता आलेच पाहिजे असे नाही. आजीला वाचून दाखवावे आणि "मग पुढं काय झालं?" हे आजीने विचारावे. प्रत्येक चुकीला टोकू नये. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या नातवंडांनी वहीत उतरून घ्याव्यात. त्यात लेखन होते आणि घरचे धनही जपले जाते.

(३) शेतातले गणित. वरच्या वर्गातील मुलांना हिशेब शेतातूनच घालावेत. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार फुटी सरीत दोन फुटांवर एक डोळा लावला, तर एकरी रोपे किती? एका रोपाला ८ चौरस फूट, म्हणजे ५,४४५ रोपे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. काट्याची पावती मुलाकडून वाचून घ्यावी. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन त्यालाच वजा करू द्यावे.

(४) पुस्तके. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आणि शाळेची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पोरांच्या हाती मोबाईल असतोच, तो या कामाला लावावा. सुट्टी लागण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून शाळेच्या कपाटातली पुस्तके घरी मागून घ्यावीत. गावात वाचनालय असेल तर तेथे जावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या बीड जिल्ह्यात गोदाकाठी आणि माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस पिकतो, आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, ती मार्च-एप्रिलला परतते. सोबत गेलेल्या लेकराचे जवळजवळ अर्धे शालेय वर्ष बुडते. फडावर ते धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते. मे महिन्यात हीच मुले गावात असतात. आपल्या मुलांना ही सुट्टी आहे, त्यांच्यासाठी मात्र राहिलेली बाकी भरून काढण्याचे दिवस आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. तो मागायला पालकाला सोबत लागते, ती सभासदांनी द्यावी. टोळी निघण्यापूर्वी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे मुख्याध्यापकांना विचारावे, म्हणजे लेकरू आजीजवळ गावातच राहू शकते. जावेच लागले तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे आणि जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवावे.

आणि या सुट्टीत एवढे तरी करावे. आपला सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी रोज अर्धा तास शेजारच्या दोन लेकरांना घेऊन बसू द्या. शिकवणाऱ्याचेही पक्के होते. आपला ऊस ज्यांच्या हातांनी तुटून गव्हाणीपर्यंत पोहोचतो, त्यांच्या पोरांच्या हातात पुन्हा कोयताच यायचा की पुस्तक, हे काही अंशी आपल्या ओसरीवरही ठरते.

खोडव्याला एक पाणी चुकले तर पुढचे देऊन थोडेफार सावरता येते. पण तिसरीत अडलेले वाचन पुढे दरवर्षी जड होत जाते आणि मग पोर शाळाच सोडते. म्हणून आजपासूनच ओसरीवर सतरंजी टाका, ही सर्व सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे.