ओ-यू-जी-एच : चार अक्षरे, अनेक उच्चार

आठवीच्या वर्गात प्रकटवाचन चालू होते. आदल्याच दिवशी आम्ही ‘रफ’, ‘टफ’ आणि ‘इनफ’ हे तीन शब्द फळ्यावर लिहून, ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार ‘अफ’ असा होतो, असे सांगितले होते. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने ‘थ्रू’ हा शब्द ‘थ्रफ’ असा वाचला. वर्ग हसला. खेदाने नमूद करावे लागते, की आम्हीही हसलो. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मुलाने वाचनासाठी हात वर केला नाही.

पुढे विचार करता आमच्या ध्यानात आले, की त्याने आमचाच नियम प्रामाणिकपणे लावला होता. नियम अपुरा होता आणि तो आम्ही दिला होता. त्या अपुऱ्या नियमाची दुरुस्ती म्हणून हा पाठ स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे, ठेवीत आहोत.

प्रथम कारण पाहू. या शब्दांतील जी-एच ही जोडी आज बहुधा मुकी असली, तरी पूर्वी ती मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत तेथे घशातून निघणारा, आपल्या ‘ख’ला जवळचा घर्षक ध्वनी होता. इंग्रजीची भगिनी असलेल्या जर्मन भाषेत तो अजून ऐकू येतो. इंग्रजीत ‘नाइट’, तर जर्मनमध्ये ‘नाख्ट’. इंग्रजीत ‘थॉट’, तर जर्मनमध्ये ‘दाख्टे’. इंग्रजीत ‘ब्रॉट’, तर जर्मनमध्ये ‘ब्राख्टे’. संस्कृतातील ‘नक्त’ म्हणजे रात्र आणि ‘दुहितृ’ म्हणजे कन्या हे शब्दही याच दूरच्या कुळातले. ‘नाइट’ आणि ‘डॉटर’ यांतील मुक्या जी-एचच्या जागी तेथे ‘क’ आणि ‘ह’ स्पष्ट उच्चारले जातात.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळात फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हा ध्वनी जी-एच या जोडीने लिहिण्याचा प्रघात पाडला. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय थाटले आणि छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले. बोलणे मात्र स्थिर राहिले नाही. घशातील तो ध्वनी काही शब्दांतून नाहीसा झाला, तर काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला. स्वरही निरनिराळ्या दिशांनी बदलले. म्हणून एकाच लेखनाचे आज इतके उच्चार आहेत.

आता शब्दांचे गट पाहू.

१. ‘ऑट’ गट. ओ-यू-जी-एचपुढे टी आल्यास उच्चार ‘ऑट’ होतो. ‘थिंक’चे ‘थॉट’, ‘बाय’चे ‘बॉट’, ‘ब्रिंग’चे ‘ब्रॉट’, ‘फाइट’चे ‘फॉट’, ‘सीक’चे ‘सॉट’. ही सर्व भूतकाळी रूपे आहेत. कर्तव्य दर्शविणारे ‘ऑट’ हे सहायक क्रियापदही याच गटातले. हा गट सर्वांत विश्वासार्ह. त्याचा ठळक अपवाद चौथ्या गटात येईल. ‘टीच’चे ‘टॉट’ आणि ‘कॅच’चे ‘कॉट’ यांत मात्र ओच्या जागी ए लिहावा.

२. ‘ओ’ गट. ‘दो’ म्हणजे जरी, ‘ऑल्दो’ म्हणजेही जरी, ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक.

३. ‘ऊ’ गट. नेहमीच्या वापरातला एकच शब्द : ‘थ्रू’, म्हणजे मधून.

४. ‘आउ’ गट. ‘प्लाउ’ म्हणजे नांगर, ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी, ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण. शेवटी टी असूनही ‘ड्राउट’ पहिल्या गटात जात नाही. शेतकऱ्याच्या घरातील मुलांनी नांगर, फांदी आणि अवर्षण हे त्रिकूट एकत्र ध्यानात ठेवावे.

५. ‘अफ’ गट. ‘रफ’ म्हणजे खडबडीत, ‘टफ’ म्हणजे चिवट किंवा कठीण, ‘इनफ’ म्हणजे पुरेसे.

६. ‘ऑफ’ गट. ‘कॉफ’ म्हणजे खोकला, ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांची गव्हाण.

७. ‘अ’ गट. ‘थरा’ म्हणजे सखोल, सर्वांगीण. ‘बरा’ म्हणजे नगराचा विभाग. अमेरिकेत हेच शब्द ‘थरो’ आणि ‘बरो’ असे उच्चारतात.

उचकीला ‘हिकप’ म्हणतात. तिचे एक स्पेलिंग ओ-यू-जी-एचने संपते. खोकल्याच्या शब्दाशी तिचे नाते आहे या चुकीच्या समजुतीतून ते रूढ झाले. सोपे, यू-पीने संपणारे स्पेलिंगच लिहावे.

परीक्षेत सर्वाधिक घोटाळा होतो तो चार शब्दांत. टी-एच-ओ-यू-जी-एच म्हणजे ‘दो’. त्याच्या शेवटी टी लावला, की ‘थॉट’. एचनंतर आर घातला, की ‘थ्रू’. एचनंतर ओ-आर घातले, की ‘थरा’. हे चारही शब्द एकाखाली एक लिहून वाढलेले अक्षर अधोरेखित करावे आणि प्रत्येकाचे एक वाक्य स्वतः रचावे.

हे लेखन सुधारावे असे इंग्रजी भाषकांनाही वाटले आहे. १९०६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी मुद्रणात तीनशे शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगे वापरण्याचा आदेश दिला. ‘दो’ आणि ‘थ्रू’ यांतील जी-एच त्यात वगळले होते. वृत्तपत्रांनी थट्टा केली, काँग्रेसने विरोध केला आणि आदेश टिकला नाही. नांगराचे पी-एल-ओ-डब्ल्यू हे स्पेलिंग मात्र अमेरिकेत रूढ आहे.

आपली लिपीही या दोषापासून सर्वथा मुक्त नाही. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एकच लिहितो, परंतु उच्चार दोन. ‘ज्ञ’ हे ज आणि ञ यांचे जोडाक्षर; मराठीत त्याचा उच्चार ‘द्न्य’, तर हिंदीत ‘ग्य’. पालीत उच्चाराबरोबर लेखनही बदलले : ‘ज्ञान’चे ‘ञाण’ झाले, ‘अष्ट’चे ‘अट्ठ’ झाले. इंग्रजीने उच्चार सोडला, लेखन तेवढे जपून ठेवले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अनोळखी शब्द वाचताना चूक झाली तर खाली बसू नका. त्या शब्दाचा गट कोणता, हे विचारा आणि तो पुन्हा वाचा. वाचणाऱ्याला हसण्यापूर्वी इतरांनीही एक गोष्ट आठवावी : ‘डॉटर’ आणि ‘लाफ्टर’ यांच्या स्पेलिंगांत केवळ पहिल्या अक्षराचा भेद आहे, आणि ते प्रथमच पाहणाऱ्याने ‘लॉटर’ म्हटले, तर त्याचा तर्क मुळीच चुकलेला नाही. आमच्या वर्गात आता चुकलेला उच्चार फळ्यावर लिहिला जातो आणि तो तसा का झाला असावा, याचा शोध सर्वजण मिळून घेतात. त्या शोधात ‘थ्रफ’ वाचणाऱ्या मुलाचा हात पुन्हा वर आला.