दुपारची डुलकी आणि तेरजेतला फरक

आमच्या फोंड्याच्या बाजारात दुपारी एक वाजला की बहुतेक दुकानांची दारे बंद होऊ लागतात. बाहेरगावचे लोक याला गोवेकरांचा आळस म्हणतात. पोर्तुगिजांची ‘सेश्टा’ आणि आपली वामकुक्षी, दोन्हींना मीही आळसच समजत होतो. गेल्या मार्चमध्ये माझे मत बदलले.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून वडिलांच्या दुकानाचा हिशेब माझ्याकडे असतो. वर्षअखेरची तेरीज काढली, तर जमा आणि नावे यांत 540 रुपयांचा फरक! दोन दिवस मी 540 ची सुटलेली नोंद शोधली. त्याचे निम्मे, 270, चुकीच्या बाजूला पडले का, तेही पाहिले. काही सापडेना. वडील दुकानात कामाला असलेल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. बोलले काहीच नाहीत, पण त्याला ते कळले. दुपारचा चहा त्याने सोडला.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी वहीवरच पेंगू लागलो. आई धारवाडकडची. ती म्हणाली, “स्वल्प निद्दे माडु,” थोडी झोप काढ. दुकानाच्या किल्ल्या हातात तशाच ठेवून आरामखुर्चीत टेकलो. मिटल्या डोळ्यांपुढे आकडे बसमधल्या उतारूंसारखे जागा बदलत होते. किल्ल्या फरशीवर पडल्या, दचकून जागा झालो आणि वर्गात शिकलेले आठवले : फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली का ते पाहावे. 540 ला नऊने भाग जातो. खतावणीत 1,710 च्या जागी 1,170 सापडले. अक्षर माझेच होते. त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतः त्या मुलापुढे चहा ठेवला.

हा योगायोगही असेल. पण चित्रकार दाली हातात किल्ली धरून मुद्दाम अशी डुलकी घेण्याची युक्ती सांगत असे. झोप लागताच हात सैल पडतो, किल्ली खाली ठेवलेल्या ताटलीवर आदळते आणि जाग येते. 2021 मध्ये पॅरिसच्या मेंदू संशोधन संस्थेने हे तपासले. आकड्यांची उदाहरणे देऊन त्यांत एक सोपा नियम लपवला आणि मध्ये 20 मिनिटांची विश्रांती दिली. निदान 15 सेकंद अगदी हलकी झोप लागलेल्यांपैकी 83 टक्क्यांना नियम सापडला. जागे राहिलेल्यांत 31 टक्क्यांना, तर अधिक गाढ झोपलेल्यांत केवळ 14 टक्क्यांना. 2025 मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांना मात्र किंचित गाढ झोपच अधिक उपयोगी आढळली. म्हणजे झोप किती खोल हवी, हा वाद मिटलेला नाही. पण दोन्ही प्रयोगांत लोकांनी आधी प्रश्नाशी झटापट केली होती आणि विश्रांती सुमारे 20 मिनिटांचीच होती.

माझ्यापुरता अर्थ मी असा लावतो. जागेपणी मी ‘सुटलेली नोंद’ या एकाच वाटेने चाललो होतो. गुंगीत ती पकड सुटली आणि बाजूची वाट दिसली. दोन दिवस वह्या चाळल्या नसत्या, तर स्वप्नात आकडे तरी कुठून आले असते?

म्हणून विद्यार्थीमित्रहो, आधी मनापासून प्रयत्न करा, मग खुर्चीत टेका, जवळ कागद-पेन्सिल ठेवा आणि वीस मिनिटांत उठा. हा प्रयोग प्राध्यापकांच्या तासाला मात्र नको! आणि आईचा ‘स्वल्प’ हा शब्द विसरू नका. तो कन्नडमध्ये आहे तसाच मराठीतही आहे.