पाणी कधी सुटतं, ते आधी विचार

अगं, परवा फोनवर तू आवाज खाली आणून म्हणालीस, "ताई, आईला एवढ्यात सांगू नकोस हं." नाही सांगितलं मी. पण निघायच्या आदल्या दिवशी तू स्वतः सांग. चौघी मैत्रिणी, दोन कयाक आणि कोलाडजवळ कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर एक रात्र. गाडीवाट नाही, वल्हवतच जायचं. असा बेत घरापासून लपवू नये. आई थोडा वेळ गप्प बसेल, मग उठून डबे काढील. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहेच. रोह्याला सासरी येऊन मला आता बारा वर्षं झाली, त्यामुळे या नदीचा स्वभाव मला थोडाफार कळतो. तेवढा तुला सांगते.

ही नदी पावसाच्या हिशोबाने वागत नाही, वीजघराच्या हिशोबाने वागते. वर मुळशी धरणात मुळा नदीचं पाणी अडवलेलं आहे. ते घाटाखाली भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. हे १९२७ पासून चालू आहे. नाहीतर तेच पाणी भीमेतून, कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. त्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्याच लढ्यात. कुणाची तरी शेतं आणि घरं बुडाली, तेव्हा हे पाणी आपल्या वाट्याला आलं. मी होडीत बसते तेव्हा मला ते आठवतं. तूही आठव.

तर हे पाणी सुटलं की पात्र चढतं आणि बंद झालं की उतरतं. भर उन्हाळ्यातसुद्धा इथे राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर, आणि राफ्टवाले सकाळीच घाई करतात तेही याचसाठी. डोलवहाळच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं पसरतं, शांत वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

मी फसले होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही पाचजण गेलो होतो. संध्याकाळी कयाक वाळूवर दोन हात ओढून ठेवल्या, बांधल्या नाहीत. पाणी इतकं लांब होतं की बांधायचं सुचलंच नाही. पहाटे उठून पाहते तर वाळू नाही आणि कयाकही नाहीत. तंबूच्या खुंट्यांपर्यंत पाणी आलेलं. मागे काट्यांचं रान, समोर पाणी, फोनला रेंज नाही. दोन तासांनी मासे धरणाऱ्या एका कातकरी दादांनी आमच्या कयाक खालच्या वळणावरून ओढत आणून दिल्या. ते रागावले नाहीत. काठावरच्या दगडांवर हात ठेवून एवढंच दाखवलं, की शेवाळाची रेघ कुठवर आहे आणि अडकलेला पालापाचोळा कुठवर आहे. तेव्हापासून मी कुठल्याही काठावर उतरले की आधी ती रेघ शोधते. तंबू तिच्या बराच वर लावायचा. कयाक त्याहून वर न्यायची आणि झाडाला बांधायची. मुक्कामाच्या दिवशी पाणी कधी सुटणार, हे वस्तीवर विचारल्याशिवाय काठ सोडायचा नाही. भर पावसाळ्यात तर जायचंच नाही. आणि पेणजवळच्या हेटवणे धरणावर तंबू लावायचा विषय तुम्ही काढला होतात, तो सोडून द्या. तिथलं पाणी नवी मुंबईला प्यायला जातं.

वल्हवणं अवघड नाही. दोघींच्या कयाकमध्ये अंगाने भारी असेल तिला मागे बसव. दिशा तिच्या हातात, लय पुढचीच्या हातात. वल्हं नुसत्या दंडांनी ओढलंस तर अर्ध्या तासात खांदे भरून येतील, कंबरेतून वळ. सामान मधोमध आणि तळाला, ड्राय बॅगेत. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर वारा उठतो आणि तोंडावर वारा घेऊन वल्हवताना जीव मेटाकुटीला येतो. लाइफ जॅकेट घातल्यावर मैत्रिणीला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पट्टे आवळ. उलटलीच, तर कयाक सोडून काठाकडे पोहत सुटू नकोस, तिलाच धरून राहा. तुला शाळेच्या तलावात पोहता येतं हे मला माहीत आहे. वाहत्या पाण्यात तेवढ्यावर विसंबू नकोस.

आता जे तू आईला विचारणार नाहीस ते. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तरी जा, फक्त वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून परत आण. तिथे पुरू नकोस, कुत्री आणि कोल्ही उकरतात. शौचाला पाण्यापासून चांगलं शंभर पावलं लांब जा, खड्डा करून वर माती लोट. रात्री लागली तर एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला उठव, कितीही झोपेत असली तरी. लाजून पाणी कमी पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात, दुसऱ्या दिवशी त्यांचंच डोकं चढतं. पाणी माणशी चार लिटर बरोबर ने, नदीचं पिऊ नका.

बूट तंबूच्या आत ठेव आणि घालताना झटकून घाल. आपल्या कोकणात फुरसं आहे, लाल विंचू आहे. विंचवाच्या दंशाने इथे माणसं दगावायची. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर अभ्यास केला आणि प्राझोसिन या साध्या गोळीने जीव वाचतात हे जगाला दाखवलं. म्हणून साप किंवा विंचू चावला तर चिरू नका, बांधू नका, मंतरायला नेऊ नका. १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. फोन कुठून लागतो ती जागा उजेड असतानाच शोधून ठेवा.

एवढं सगळं ऐकून घाबरलीस का? घाबरू नकोस. त्या मुक्कामाची जानेवारीतली रात्र मी अजून विसरलेले नाही. दव इतकं पडतं की पहाटे तंबू पिळून काढावा. पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडच्या वस्तीतला कोंबडा अगदी उशाशी आरवल्यासारखा वाटतो. आणि याच दिवसांत शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. म्हणून पोपटी लावा. मडकं आणि शेंगा वस्तीवरच मिळतील, भांबुर्डीचा पाला कोण आणून देतो ते विचार. तळाला पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला गच्च दाबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गवत आणि गोवऱ्या पेटवायच्या. पाऊण तास पुरतो. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र करून लगेच उडालं, तर पोपटी झाली असं सासूबाईंनी मला शिकवलं. शेंगा जुनाट घेऊ नकोस, दाणेदार आणि हिरव्या घे. सकाळी विस्तवावर पाणी ओतून राख हाताला गार लागल्याशिवाय उठू नका, आजूबाजूला वाळलेलं गवत असतं आणि ती कुणाची तरी वैरण असते.

दिवा-रोहा गाडीने आलीस तर वाटेत पेण लागतं. उतरून आईच्या हातचे पोहे आणि मिरगुंडं घेऊन पुढच्या गाडीने ये, मी रोह्याला स्टेशनवर असेन. काठापर्यंत सोडायला मीही येते. जॅकेटाची एकही बकल तुटकी निघाली, किंवा पाणी कधी सुटणार ते कुणी नीट सांगेना, तर कयाकमध्ये बसू नकोस. चौघी माझ्याकडे या, पोपटी आपण अंगणात लावू.