एका घराण्याचा प्रवास : वेरूळ ते तंजावर



आपल्या वर्गातल्या कितीतरी घरांत आजोबांचे गाव एक, बाबांचे दुसरे आणि मुलांचे जन्मगाव तिसरेच, तेही अमेरिकेत! घराणी अशी पसरत आली आहेत. आज आपण भोसले घराणे पाहू. शिवाजी महाराज आपल्याला माहीत आहेतच. पण त्यांचे भाऊ, पुतणे, नातू कुठे कुठे गेले?

मूळ

आपण मालोजी भोसल्यांपासून सुरुवात करू. ते वेरूळचे. जिथे कैलास लेणे आहे, तेच हे वेरूळ. मालोजींचे पुत्र शहाजीराजे निजामशाहीत मोठे सरदार झाले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीत गेले. नोकरी बदलली तसे गावही बदलले. त्यांना कर्नाटकात पाठवण्यात आले आणि बंगळूर त्यांचे ठाणे झाले. (पालकहो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना?)

जिजाबाई आणि शिवाजीराजे पुण्यास आले. शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी वडिलांजवळ कर्नाटकात राहिले. एका वडिलांची मुले, पण वाढली दोन मुलखांत.

तीन फांद्या

१६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले व तिथे राज्य स्थापन केले. तंजावर आजच्या तमिळनाडूत, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात आहे. वेरूळपासून ते सरळ रेषेत सुमारे ७०० मैल लांब आहे, म्हणजे जवळजवळ न्यूयॉर्क ते शिकागो एवढे.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. दोघे भाऊ कोल्लिडम नदीकाठी भेटले. महाराजांनी वडिलांच्या जहागिरीतला आपला वाटा मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रात्रीच नदी ओलांडून निघून गेले. पुढे दोन्हीकडच्या फौजांत लढाईही झाली. शेवटी तह झाला आणि तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. मोठ्या माणसांच्या घरीही वाटणीवरून भांडणे होतात!

पण पुढच्या पिढीत काय झाले पाहा. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना मारले. त्यांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज जिवाच्या संकटातून दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर पोचले. तेव्हा तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. तंजावरहून जिंजीला मदत गेली. वडील भांडले होते, पण मुलांनी नाते सांभाळले.

आता भाषेचा प्रश्न. राजाराम आणि तंजावरचे शहाजी एकमेकांचे कोण? इंग्रजीत ‘कझिन’ म्हटले की संपले. मराठीत चार शब्द आहेत: चुलत, आते, मामे आणि मावस. या दोघांचे वडील भाऊ, म्हणून हे चुलतभाऊ.

पुढे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांची गादी साताऱ्यास आणि राजाराम महाराजांच्या वंशजांची कोल्हापुरास, असे दोन भाग झाले. १७३१ च्या वारणेच्या तहाने ते पक्के झाले. तंजावर धरून एकाच घराण्याच्या तीन गाद्या झाल्या. इंग्रजांनी सातारा १८४८ मध्ये आणि तंजावर १८५५ मध्ये खालसा केले. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

भिंतीवरचा इतिहास

तंजावरला राजराज चोळाने सुमारे १०१० मध्ये बांधलेले बृहदीश्वराचे भव्य देऊळ आहे. तिथल्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसरे सरफोजीराजे यांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि आजूबाजूला सगळा तमिळ मुलूख! हे सरफोजी तुळजाराजांचे दत्तक पुत्र होते. म्हणजे ज्यांनी घराण्याची आठवण दगडात जपली, ते त्या घरी दत्तक आले होते. वंशवृक्षात दत्तक मुलाची जागा इतर मुलांसारखीच असते, हेही लक्षात ठेवा.

सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. तिथे आजही हजारो हस्तलिखिते आणि मोडी कागदांची बाडे आहेत. त्यांनी छापखानाही काढला. त्यात १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि ते निघाले तंजावरात!

मराठी टिकली का?

राजांबरोबर कारकून, पंडित, शिपाई असे पुष्कळ मराठी लोक तिकडे गेले. त्यांचे वंशज पुढे आणखी पसरले. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव हे त्यांपैकीच. त्यांच्या नावातला ‘टी’ तंजावरचा. ते त्रावणकोर व इंदूरचे दिवाण झाले आणि १८७५ मध्ये बडोद्याला, म्हणजे पुन्हा एका मराठी दरबारात, दिवाण म्हणून आले.

तमिळनाडूतल्या काही घरांत आजही मराठी बोलतात. तिच्यात तमिळ शब्द मिसळले आहेत. त्यात वाईट काही नाही. आपल्या मराठीत नाही का इंग्रजी मिसळत? पण हे बोलणाऱ्यांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. आपल्याच पूर्वजांच्या काळचा तो लेख समोर असून ते वाचू शकत नाहीत. बोली घरात टिकली, लिपी सुटली.

आपल्याकडेही आजीचे बोलणे कळते, पण तिचे पत्र वाचता येत नाही अशी मुले आहेत. म्हणून आम्ही पालक आग्रह धरतो की घरी मराठी बोलाच, पण आठवड्याला एक पान वाचा आणि चार ओळी लिहासुद्धा.

शब्दार्थ

जहागीर – सरदाराला उत्पन्नासाठी दिलेला मुलूख
गादी – राजाचे आसन, राज्य
खालसा करणे – राज्य काढून घेऊन सरकारात जमा करणे
बाड – कागदांचा गठ्ठा
मोडी – पूर्वी मराठी भरभर लिहिण्यासाठी वापरत ती लिपी

स्वाध्याय

१. शिवाजी महाराज हे तंजावरच्या शहाजींचे कोण?
२. तंजावरच्या शेवटच्या राजाचे नावही शिवाजीच होते (१८३२–१८५५). एकच नाव घराण्यात पुन्हा का येते? तुमच्या घरी असे कोणते नाव आहे?
३. आजीआजोबांना फोन करून आपला चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. संगणकवाल्यांसारखे झाड उलटे काढा: मूळ वर, फांद्या खाली. आईकडची बाजूही हवी. प्रत्येक नावाखाली जन्मगाव आणि घरी बोलायची भाषा लिहा. सर्व काही देवनागरीत!

पालकहो, माहिती सांगा, पण लिहू द्या मुलांनाच.